पाच महिन्यांची खुर्ची



नोकरदार माणसाला स्वतःच्या रेशनकार्डाचा नंबर आठवणार नाही, पण ज्येष्ठता यादी तोंडपाठ असते. आपल्या वर कोण, खाली कोण, वरचा कधी रिटायर होणार, हेडक्लार्कची जागा कधी खुली होणार, आणि ती मिळाली तर पगारात किती फरक पडणार, हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. त्याच्या बायकोलाही ते ठाऊक असते. मुलीचे कॉलेज, गावच्या घराचे पत्रे, सोसायटीचे कर्ज, असे घरातले अर्धे बेत त्या यादीवर उभे असतात. आणि ऐनवेळी त्याला डावलून खालच्याला बढती दिली, कचेरीच्या भाषेत 'सुपरसीड' केले, तर त्या घरात चार दिवस कुणी धड जेवत नाही. हे दुःख पैशाचे कमी आणि मानाचे जास्त असते. ज्याने भोगले त्यालाच ते कळते.

आज ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते देशातल्या सर्वांत वरच्या ज्येष्ठता यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते. त्यांचे नाव न्यायमूर्ती हंसराज खन्ना. अमृतसरचे वकील, मग १९५२ साली जिल्हा व सत्र न्यायाधीश, १९६२ मध्ये पंजाब उच्च न्यायालय, १९६९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालय. पायरी पायरीने वर आलेला माणूस. आता एकच पायरी उरली होती, भारताच्या सरन्यायाधीशपदाची. तीही मागायची नव्हती, कुणाच्या दारात उभे राहायचे नव्हते. सरन्यायाधीश अजितनाथ रे २८ जानेवारी १९७७ ला निवृत्त झाले की खुर्ची आपोआप खन्नांकडे यायची. फक्त तोवर गप्प बसायचे होते.

काळ आणीबाणीचा. २५ जून १९७५ च्या रात्री ती जाहीर झाली. दोनच दिवसांनी, २७ जूनला, राष्ट्रपतींचा आदेश निघाला की, संविधानाच्या १४, २१ आणि २२ या कलमांखालच्या हक्कांसाठी आता कुणालाही कोर्टात जाता येणार नाही. समता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, आणि अटकेपासूनचे संरक्षण. तिन्हींची दारे एकदम बंद. मिसा नावाचा कायदा हाताशी होताच. त्याखाली आणि दुसऱ्या एका नियमाखाली मिळून एक लाखाहून अधिक माणसे आत गेली. त्यांत मोठे पुढारी होते, तसे गावोगावचे कार्यकर्ते, विद्यार्थी, युनियनवाले, आणि कुणाच्या तरी वैरापोटी नाव दिले म्हणून उचललेलेही होते.

तुरुंगातल्या लोकांच्या नातेवाईकांनी उच्च न्यायालयांत 'हेबियस कॉर्पस'चे अर्ज केले. हा शब्द मोठा वाटतो, पण अर्थ साधा आहे : आमचा माणूस तुम्ही नेला आहे, तो कोर्टापुढे हजर करा आणि कोणत्या कायद्याने नेला ते सांगा. वस्तीतल्या पोराला रात्री चौकीत नेले की त्याची आई सकाळी दारात उभी राहून हेच विचारते. फरक इतकाच की तिला विचारण्याचा हक्क आहे असे कुणी मानत नाही, आणि संविधान मानते. म्हणून तर ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत परमपूज्य बाबासाहेबांनी, हक्क बजावून घेण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या कलमाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. आज ते ३२ वे कलम आहे. हक्क कागदावर कितीही लिहा, तो बजावून घेण्याचे दार नसेल तर तो कागदच.

देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की आणीबाणी असली तरी अटक कायद्याला धरून आहे की नाही एवढे आम्ही पाहू शकतो. सरकार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ला या नावाने तो खटला ओळखला जातो. पाच न्यायमूर्तींचे पीठ बसले : सरन्यायाधीश रे, त्यांच्या खालोखाल खन्ना, मग मिर्झा हमीदुल्ला बेग, आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड आणि गुजरातचे प्रफुल्लचंद्र भगवती. हे पाचही जण कायद्याचे पंडित होते, यात वाद नाही.

सुनावणीत खन्नांनी सरकारी बाजू मांडणारे अ‍ॅटर्नी जनरल नीरेन डे यांना एक प्रश्न विचारला. २१ व्या कलमात स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. मग समजा, एखाद्या पोलिसाने खाजगी वैरापोटी एखाद्याला ठार केले, तर त्यावर काही उपाय आहे की नाही? डे यांनी उत्तर दिले की, आमच्या म्हणण्याप्रमाणे आणीबाणी असेपर्यंत तरी उपाय नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात, भर दिवसा, सरकारच्या सर्वांत मोठ्या वकिलाने हे सांगितले. काही जण म्हणतात की न्यायमूर्तींनी हादरून जावे म्हणूनच डे यांनी इतके उघड उत्तर दिले. ते काही असो, चार न्यायमूर्तींवर त्याचा परिणाम झाला नाही.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. चार विरुद्ध एक. चौघांनी सांगितले की, राष्ट्रपतींचा आदेश असेपर्यंत अटकेविरुद्ध कुणालाही कोर्टात येता येणार नाही, अटक बेकायदा असली तरी नाही. न्यायमूर्ती बेग यांनी तर, सरकार स्थानबद्धांची खाण्यापिण्याची आणि राहण्याची काळजी जवळजवळ आईच्या मायेने घेते आहे, अशा अर्थाचे लिहून ठेवले. हे वाचताना मला केरळातला राजन आठवतो. कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा हा विद्यार्थी. १ मार्च १९७६ ला, म्हणजे निकालाच्या आठच आठवडे आधी, पोलिसांनी त्याला उचलले. पोलिसांच्या छावणीतच तो मेला. त्याचे वडील ईच्छर वारियर हिंदीचे प्राध्यापक. ते दारोदार फिरत होते, पण कोर्टाचे दार बंद होते. आणीबाणी उठल्यावर मार्च १९७७ मध्ये त्यांनी केरळ उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला, आणि त्या प्रकरणात मुख्यमंत्री करुणाकरन यांना महिन्याभरात राजीनामा द्यावा लागला. मुलगा काही मिळाला नाही. देहसुद्धा मिळाला नाही. आईच्या मायेची सरकारी काळजी ती हीच.

खन्नांनी एकट्याने वेगळा निकाल लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जगण्याचा हक्क २१ व्या कलमाने दान दिलेला नाही. ते कलम संविधानात नसते तरीही कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार सरकारला नसता. कायद्याचे राज्य म्हणतात ते एवढ्यावर तरी उभे असते. आणि शेवटी, मतभेदाचा निकाल म्हणजे उद्या येणाऱ्या शहाणपणापुढे केलेले अपील असते, या अर्थाचे एका अमेरिकन सरन्यायाधीशाचे म्हणणे त्यांनी नोंदवले. कुठे शिवीगाळ नाही, सरकारला हुकूमशहा म्हटलेले नाही, सोबतच्या चौघांना टोमणा नाही. कायद्याच्या भाषेत, मुद्द्याला मुद्दा.

आता मला ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. निकाल देण्यापूर्वीच खन्नांनी आपल्या बहिणीला सांगितले होते की, मी निकाल तयार केला आहे आणि त्यापायी माझे सरन्यायाधीशपद जाणार. 'नीदर रोझेस नॉर थॉर्न्स' या आत्मचरित्रात त्यांनी ते लिहिले आहे. म्हणजे भावनेच्या भरात बोलून गेले आणि मग भोगले, असे नाही. हिशेब आधी मांडला, घरच्या माणसाला सांगितला, आणि मग सही केली. मी बी.कॉम. झालेला माणूस, जमाखर्च आधी पाहतो. म्हणून हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

हिशेब तंतोतंत बरोबर निघाला. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या होत्या, वारे बदलू लागले होते, तरी सरकार विसरले नाही. खन्नांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले. खन्नांचा जन्म ३ जुलै १९१२ चा. पासष्टाव्या वर्षी निवृत्ती. म्हणजे ती खुर्ची त्यांच्याकडे जेमतेम पाच महिने राहिली असती. पाच महिने! तेवढेही मिळू दिले नाहीत. खन्नांनी लगेच राजीनामा दिला.

इथे कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही १९५१ मध्ये हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले. अगदी खरे. ऑक्टोबरात संसदेत त्यांना आपले निवेदन आपल्या वेळी वाचू दिले नाही, तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांकडे दिले. पुढल्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते पडले. पण मंत्र्याचा राजीनामा आणि नोकराचा राजीनामा यांत फरक आहे, आणि आपल्या सभांतून तो कुणी सांगत नाही. 'तत्त्वासाठी नोकरीवर लाथ मारा' असे माईकवरून सांगणाऱ्या वक्त्याला महिन्याच्या एक तारखेला किराणावाल्याचे तोंड पाहायचे नसते.

म्हणून खन्नांपेक्षा कमी प्रसिद्ध असलेल्या काही जणांची नावे आज मुद्दाम देतो. दिल्ली उच्च न्यायालयात पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अटकेचे प्रकरण दोन न्यायमूर्तींपुढे आले होते, एस. रंगराजन आणि आर. एन. अगरवाल. त्यांचा निकाल सरकारच्या विरुद्ध गेला. पुढे रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली. आणि अगरवाल हे उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश होते, कायम झालेले नव्हते. त्यांना परत सत्र न्यायाधीश केले. बंधूंनो, कचेरीत याला 'रिव्हर्शन' म्हणतात. बढती हुकणे वेगळे आणि मिळालेली पायरी उतरायला लावणे वेगळे. ज्यांनी कधी रिव्हर्शन झालेला माणूस पाहिला असेल त्यांना सांगायला नको. काल जो 'साहेब' म्हणत होता तो आज नावाने हाक मारतो, आणि शिपाई चहा कुणाला आधी द्यायचा याचा विचार करतो.

आपल्या महाराष्ट्रातही एक जण आहेत. सोलापूरच्या वकील घराण्यातले उमेश रंगनाथ ललित. मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायमूर्ती होते. आणीबाणीत देशद्रोहाच्या एका खटल्यात त्यांनी तरुण मुलांना जामीन दिला. सरकारने त्यांना कायम केले नाही. ते पुन्हा काळा कोट घालून वकिलीला लागले. त्यांचे चिरंजीव उदय ललित २०२२ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा वडिलांची ही गोष्ट पुष्कळांना पहिल्यांदा कळली.

नीट पाहा. खन्ना, रंगराजन, अगरवाल, ललित. केले सगळ्यांनी एकच, पण किंमत सारखी नाही. खन्ना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. महाभियोगाशिवाय त्यांना कुणी हात लावू शकत नव्हते. पगार जाणार नव्हता, पेन्शन जाणार नव्हती, बंगल्यातून सामान रस्त्यावर येणार नव्हते. फार तर एक बढती जाणार होती. अगरवाल आणि ललित यांच्यामागे तेवढे कवच नव्हते. त्यांनी जास्त दिले आणि नाव कमी झाले. याने खन्नांचा मोठेपणा कमी होत नाही. कारण तेच कवच उरलेल्या चौघांनाही होते! तेवढीच पेन्शन, तेवढाच बंगला, तेवढेच संरक्षण. ज्यांना बोलणे सर्वांत स्वस्त पडणार होते अशा पाचांपैकी चार गप्प राहिले, किंवा सरकारच्या बाजूने बोलले. मला या खटल्यातली सर्वांत झोंबणारी गोष्ट ही वाटते.

त्या चौघांपैकी रे सरन्यायाधीश होतेच. बेग झाले, चंद्रचूड झाले (१९७८ ते १९८५, इतका दीर्घ काळ आजवर दुसरे कुणी त्या खुर्चीवर नव्हते), भगवतीही झाले. भगवतींनी पुढे गोरगरिबांसाठी जनहित याचिकेचे दार उघडले, हे त्यांचे ऋण आपण मान्य केले पाहिजे. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले की १९७६ चा तो निकाल चुकीचा होता. पस्तीस वर्षांनी.

आणि खन्नांच्या एकट्याच्या निकालाने त्या दिवशी काय झाले? काहीही झाले नाही. एकही माणूस त्यामुळे सुटला नाही. हे कबूल केले पाहिजे, नाहीतर आपण पोरांना खोट्या आशेवर वाढवू. अमेरिकेतल्या एका मोठ्या वर्तमानपत्राने दोनच दिवसांनी लिहिले की, भारतात पुन्हा स्वातंत्र्य आले तर लोक या न्यायमूर्तींचे स्मारक उभारतील. पण आपल्याकडे तेव्हा छापण्यावर सेन्सॉर होता. फळ आले ते सावकाश. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरले की आणीबाणी आली तरी २० आणि २१ ही कलमे आता तहकूब करता येणार नाहीत. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन नंबरच्या कोर्टात, जिथे खन्ना बसत, त्यांचे तैलचित्र लावले गेले, ते हयात असताना. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना १९७६ चा बहुमताचा निकाल रद्दबातल ठरवला. ते शब्द ज्यांनी लिहिले ते धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंतरावांचेच पुत्र. वडिलांचा निकाल मुलाने खोडला आणि खन्ना बरोबर होते असे लिहिले. खन्ना ते पाहायला नव्हते; २५ फेब्रुवारी २००८ ला ते वारले होते.

आता दिल्लीहून आपल्या वस्तीत येऊ.

रविवारच्या वंदनेनंतर एका ताईंनी मला विहाराच्या पायरीवर थांबवले. यजमान सफाई खात्यात कायम मुकादम. हजेरीपटावर अशी काही नावे आहेत की ती माणसे कुणी कधी पाहिलेली नाहीत. त्यांच्या नावाने ठेकेदार पैसे उचलतो, आणि जी खरी कंत्राटी पोरे गटारात उतरतात त्यांच्या खाड्यांवर खाडे लावले जातात. वरून तोंडी सांगणे असे की, मुकादमाने सही करायची. यजमानांना रात्री झोप येत नाही. ताई म्हणाल्या, "दादा, खरं बोलायला माझी ना नाही. पण पोरीचं बारावीचं वर्ष आहे. ह्यांना लांबच्या चौकीवर टाकलं, ओव्हरटाइम बंद केला, तर मी काय करू? तुम्ही लिहिता ते ठीक, पण चूल माझी आहे."

त्यांना मी लगेच उत्तर दिले नाही. चूल त्यांची आहे हे खरेच होते. असल्या वेळी 'बाबासाहेबांनी किती सोसले' असे सांगून बाईचे तोंड बंद करणे मला पटत नाही. रमाईंच्या कष्टांचे दाखले आपण आपल्या बायकांना फार सहज देतो.

पण दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. यजमान आणि ताई, दोघांना समोर बसवले आणि कागद घेतला. म्हटले, आधी किंमत लिहून काढू. बदली झाली तर बसचे भाडे किती वाढेल? ओव्हरटाइम गेला तर महिन्याला किती कमी येतील? मेमो आला तर उत्तर कोण लिहून देणार? हे सगळे मांडल्यावर ताईंचा चेहरा जरा सैल झाला. भीतीला आकडा मिळाला की ती थोडी लहान होते, हा माझा हिशेबनिसाचा अनुभव. मग त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिहिले : कंत्राटी पोरांपैकी कुणी तोंड उघडले तर त्याची किंमत काय? उद्यापासून गेट बंद, एवढीच. त्याला मेमो नाही, चौकशी नाही, अपील नाही. म्हणजे त्या सगळ्या खात्यात ज्याला बोलणे सर्वांत स्वस्त पडेल असा माणूस एकच निघाला. यजमान बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसले. मी काही बोललो नाही. ताईच म्हणाल्या, "लिहा मग. पण कॅन्टीनमधे बडबडू नका."

ताईंचे हे वाक्य मला फार आवडले. आपल्याकडे कॅन्टीनमधले शूर पुष्कळ. साहेबाच्या पाठीमागे क्रांती आणि समोर 'जी साहेब'. फाईलवर दोन ओळी लिहायची वेळ आली की पेनातली शाई संपते. खन्नांनी वर्तमानपत्रात मुलाखत दिली नाही, मैदानात भाषण केले नाही. जे टेबल त्यांचे होते, ज्या कागदावर सही त्यांची लागणार होती, त्याच कागदावर आपले मत कारणांसकट लिहिले. नोकरदाराला हे करता येते. सरकारी नोकराला वर्तणूक नियम आहेत, तो पेपरात सरकारवर टीका करू शकत नाही. पण समोर आलेल्या फाईलवर खरी टिपणी लिहिणे हा गुन्हा नाही, ते कामच आहे.

आणि आधार अगदीच नाहीत असेही नाही. तोंडी हुकुमावर काम करायचे नाही, हुकूम लेखी असावा किंवा त्याची लेखी नोंद करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ च्या टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात सनदी अधिकाऱ्यांबाबत सांगितले. त्या निकालाकडे बोट दाखवून आपणही नम्रपणे 'लेखी द्यावे' अशी विनंती करू शकतो. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, वाईटच नव्हे तर प्रत्येक, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, हे २००८ च्या देव दत्त प्रकरणात ठरले. पूर्वी साहेब कपाटात बसून काय लिहीत असे ते आपल्याला बढती हुकल्यावरच कळे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी बदल्यांचा २००५ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. मनात आले की उचलून टाकले, असे त्यात चालत नाही. शासकीय नोकराला बडतर्फ करायचे तर आधी चौकशी आणि म्हणणे मांडण्याची संधी, ही हमी संविधानाच्या ३११ व्या कलमात आहे. महापालिका, महामंडळे यांचे नियम निराळे, ते आपापल्या युनियनकडून पाहून घ्यावेत. कंत्राटी माणसाला यांतले जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच म्हणतो, त्याला पुढे ढकलून आपण मागे उभे राहू नये.

यांतला कुठलाही कायदा छळ थांबवत नाही, फक्त महाग करतो. छळ होतोच. लांबची चौकी मिळते, रजा नामंजूर होते, चहाच्या वेळी बाक रिकामा होतो. ते घरात आधी सांगून ठेवलेले बरे. मुलांनाही सांगावे. बारावीच्या मुलीला आपला बाप का लांब जातो हे ठाऊक असले, तर ती अभ्यास कमी करील असे मला वाटत नाही.

मुकादमांनी मागच्या सोमवारी टिपणी दिली. सात ओळींची. अमुक अमुक क्रमांकाच्या व्यक्ती प्रत्यक्ष हजर नसल्याने त्यांच्या हजेरीवर सही करू शकत नाही, लेखी आदेश मिळावेत, ही विनंती. आवक-जावक विभागात शिक्का मारून एक प्रत स्वतःकडे ठेवली. एक युनियनच्या सेक्रेटरींकडे दिली. हा लेख छापायला जाईपर्यंत लेखी आदेश आलेला नाही आणि बदलीही आलेली नाही. साहेब बोलत नाहीत एवढेच.

पाच-सहा जणांनी विचारले आहे की गोपनीय अहवालाची प्रत मागण्याचा अर्ज कसा लिहायचा. त्याचा नमुना पुढच्या अंकात याच जागी देतो. तोवर ज्यांचे अहवाल वर्षानुवर्षे हातात आलेले नाहीत त्यांनी कोणकोणत्या वर्षांचे नाहीत त्याची यादी करून ठेवावी.

जयभीम.